मिठाच्या कपाटाची किल्ली

काकी, तुझ्या कमरेला असायची ती किल्ली परवापर्यंत माझ्या पर्समध्ये होती. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रकाशने ती माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, "ताई, मी वाडीतला मानूस. चिकू नि नारळ, येवढंच माझं. आईची कँटीन आता तुमीच बघा." तुझा मुलगा रडत नव्हता, म्हणून मलाही रडता आलं नाही. किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि सफाळ्याला घरी पोचेपर्यंत ती आहे ना, हे दर पाच मिनिटांनी चाचपत राहिले. तुझं वारं मला तिथेच लागलं असणार.

आज पंधरा दिवस झाले. तू घरच्या चुलीवर दहा डबे करून सुरुवात केलीस, एकटीने सगळं उभं केलंस, कुणाला उपाशी ठेवलं नाहीस, हे सगळं तुला हार घालताना लोकांचं बोलून झालंय. खरंच आहे ते, मी पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू नेहमीसारखी "उद्या बोलू गं" म्हणून निघून गेलीस.

बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल, कारण भांडण मिठावरून होतं. कुंभवलीच्या आपल्या कँटीनमध्ये रोज दुपारी कारखान्याची तीनशे माणसं जेवतात. डाळ, भात, भाजी सगळं मासवणची जनी करते. बारा वर्षं करतेय. चपात्या रामदुलारच्या. हजेरी, पत्रं, फोन, साहेब लोकांशी बोलणं माझ्याकडे. आणि मीठ घालणार फक्त तू. खड्या मिठाचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तुझ्या कमरेला. सकाळी अकराला तू कुलूप काढायचीस, टोपापुढे उभी राहायचीस, मुठी भरून मीठ सोडायचीस आणि पुन्हा कुलूप लावायचीस. मग फळीवरच्या देवाला नैवेद्याचं ताट. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही हा तुझ्या घरचा नेम, तो तू कँटीनमध्येही आणलास. म्हणजे तीनशे माणसांच्या जेवणातलं मीठ न चाखता, नुसत्या हाताच्या अंदाजाने. आणि तो अंदाज कधी चुकायचा नाही, हे मी तुझ्या तोंडावरही कबूल केलंय.

पण मीठ हे निमित्त. तू सगळ्यातच अशी होतीस. कांदा चिरणाऱ्या बाईच्या मागे उभी राहून "बारीक, अजून बारीक." रामदुलारचा कणकेचा गोळा हातात घेऊन तोलून बघायचीस, तो बिचारा म्हणायचा, "काकी, पंधरा साल से बेल रहा हूँ," आणि तू म्हणायचीस, "म्हनून तर बघते, सवयीचा हात आळशी होतो." माझ्या हळदीच्या दिवशी तुझे किती फोन आले ते आमच्या घरात अजून सांगतात. मी पाटावर, अंगभर हळद, आणि आई फोन माझ्या कानाला धरून उभी. तुला हवं होतं काय, तर भाजीवाल्याला कोबी सांगितला की फ्लॉवर. मी त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं आणि तुला माहीतही होतं. तरी तुला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

पहिल्या दिवशी मी तुला "तुम्ही" म्हटलं, तर तू फटकारलंस. "तुमी-तुमी करू नको. मी काय साहेब हाय?" त्या एका गोष्टीत तू मला जेवढी मोकळीक दिलीस तेवढी पुढे कशातच दिली नाहीस. नाही, हे खोटं झालं. एकदा दिलीस. ते पुढे लिहिते.

आधी डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस. पालघरला होतं. "अकरापर्यंत आलेच" म्हणून सकाळी गेलीस, किल्ली कमरेला तशीच. तिकडे डॉक्टरांना उशीर झाला आणि तुझा फोन कुठल्याशा नर्सच्या खणात बंद पडला. इकडे साडेअकरा झाले, टोपात डाळ उकळतेय, आणि मीठ कुलपात. मी समोरच्या दुकानातून मिठाच्या पुड्या घेऊन धावत आले. जनीपुढे धरल्या. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "काकीनं सांगितलं नाय." रामदुलार म्हणाला, "मैडम, काकी आके पूछेगी किसने डाला, तो किसका नाम बताएँगे?" मग मीच पुडी फोडून टोपावर धरली. पण किती घालायचं? तेवढ्यात भोंगा झाला, माणसं रांगेत आली. मी प्रत्येक टेबलावर एकेक पुडी ठेवली आणि अळणी डाळ वाढायला सांगितली.

तू तीन वाजता एका डोळ्यावर पट्टी लावून आलीस. पाणीसुद्धा न पिता विचारलंस, "मीठ कोनी घातलं?"

"ज्याचं त्याने," मी म्हटलं.

मला वाटलं होतं तू हसशील. तू स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "बघ. मी नसले का काय होतं ते बघ."

"काकी, हे तू नव्हतीस म्हणून नाही झालं. तू किल्ली नेलीस म्हणून झालं."

दोन दिवस बोलली नाहीस माझ्याशी. चहा मात्र दोन्ही वेळा टेबलावर येत होता.

तिसऱ्या दिवशी तूच विषय काढलास. कँटीन नवीन असतानाची गोष्ट सांगितलीस. मदतीला एक बाई होती. तू मीठ घालून देवाकडे वळलीस आणि तिला वाटलं, काकी विसरली, म्हणून तिनेही घातलं. डाळ तोंडात धरवेना. जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची, माणसं दुसरीकडे जाणार कुठे? एक लोडर भरल्या ताटावरून उठला, तसाच कामावर गेला आणि उन्हात चक्कर येऊन ट्रकपाशी पडला. पाणी मारल्यावर उठला, चालता झाला, पुढे काही झालं नाही. पण तू म्हणालीस, "त्याचं नाव म्हाइत नाय मला. तोंड पन आठवत नाय. ताट आठवतं. भरलेलं होतं गं." तेव्हापासून कपाटाला कुलूप.

 भांडणात तू ते ताट पुढे केलंस की मला काही सुचायचं नाही. पण आज बोलते. काकी, त्या बाईचा दोष एवढाच होता की मीठ पडलंय की नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तू तिला सांगायला हवं होतंस. त्याऐवजी तू कुलूप आणलंस. आणि कुलुपाने काय केलं, तर बारा वर्षं डाळ रांधणारी बाई मिठाची पुडी समोर असताना हात पदराखाली लपवायला शिकली. मला त्या दिवशी जनीचा राग आला होता. तो तिच्यावर काढायचा नव्हता, हे आता कळतंय.

आणि आता तू एकदा दिलेली ती मोकळीक. कंपनीने जेवणाची वेळ बदलायचं ठरवलं तेव्हाची गोष्ट. पाळ्या अशा लावल्या होत्या की दोन पाळ्यांची माणसं एकाच वेळी जेवायला आली असती आणि निम्म्यांची सुट्टी रांगेतच संपली असती. मोठ्या साहेबांनी बोलावलं. केबिनच्या दारापर्यंत तू माझ्याबरोबर आलीस आणि म्हणालीस, "जा. तूच बोल. मला त्यांचं विंग्रजी समजत नाय." मी घाबरून म्हटलं, काय बोलू ते तरी सांग. "तुला म्हाइत हाय सगळं. मी काय सांगू?" आणि तू फाटकापाशी बाकावर जाऊन बसलीस. मी आत तासभर होते. वेळ आपल्याला हवी तशी करून आले. बाहेर येऊन सांगायला लागले तर तू म्हणालीस, "झालं ना? चल, चा पी." काय बोललीस, कसं बोललीस, काही विचारलं नाहीस. काकी, माझ्या बापाने मला कॉलेजात घातलं, पण मी माझ्या पायावर उभी राहिले ती त्या दिवशी. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्यावर मी खूप विचार केलाय. तुला जे येत नव्हतं ते तू माझ्यावर डोळे मिटून सोडलंस. जे तुला उत्तम येत होतं ते मात्र कुणाच्या हाती देववेना. माणसाचं असंच होत असावं. न येणारं काम दुसऱ्याला देणं सोपं असतं, कारण ते कसं व्हावं हेच आपल्याला ठाऊक नसतं. आपल्या हातचं काम देताना मात्र प्रत्येक बारीकसारीक चूक आधीच डोळ्यांपुढे येते. मी तुला हट्टी म्हणायचे, संशयी म्हणायचे. एकदा तर "जनीवर तुझा विश्वासच नाही" असं सगळ्यांदेखत म्हणाले. तू भांड्याकडे बघत म्हणालीस, "इस्वास हाय गं. हात सुटत नाय." मी ते उडवून लावलं. माफ कर.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुझं मीठ बंद केलं. तीनशे माणसांत मीठ घालणारी तू, आणि स्वतःसाठी कोपऱ्यात एका छोट्या पातेलीत अळणी भात. "गवत खाते मी गवत," म्हणायचीस आणि हसायचीस. हात थोडा कापायला लागला होता. त्याच सुमारास कपाट उघडं राहायला लागलं. मला वाटलं, वय झालं, विसरतेस. एकदा तू देवापुढे उभी असताना मीच जाऊन कुलूप लावलं आणि किल्ली तुला आणून दिली. तू माझ्याकडे बघत राहिलीस. त्या दिवशी डाळ जरा अळणी लागली होती. दुसऱ्या दिवशी कपाट पुन्हा उघडं. मी मनात म्हटलं, काकीचं आता कठीण आहे.

कठीण माझं होतं. ते मला गेल्या आठवड्यात कळलं.

तू गेल्यावर तीन दिवस कँटीन बंद होती. चौथ्या दिवशी मी पर्समधून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि टोपापुढे उभी राहिले. का, ते विचारू नकोस. किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मी उभी राहिले, एवढंच. तुझ्यासारखा हात मला कुठला? मी वजनकाटा आणला. डाळीला इतकं, भाजीला इतकं, कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. मीठ तोलायचं, पुन्हा तोलायचं, मगच टाकायचं. पाण्याची मापं लिहिली. रामदुलारचा गोळासुद्धा काट्यावर ठेवला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! घरी गेल्यावर जनीला फोन करून विचारायचे, वाल भिजत घातलेस का? ती म्हणायची, "घातले." मी दहा मिनिटांनी परत विचारायचे.

आठव्या दिवशी तुझ्या तेराव्यासाठी वालाचं बिरडं करायचं ठरवत होते. तिकडे वाडीत प्रकाश विधी करणार, आणि इकडे आपल्या माणसांना तुझ्या आवडीचं जेवण. जनी एप्रन काढून घडी करत होती. घडी माझ्या टेबलावर ठेवली.

"तेरावा करून जाते मी," ती म्हणाली. "पलीकडच्या कारखान्याच्या कँटीनवाल्यानं बोलावलंय."

"अगं, पण का? तिथे जास्त काय देणार आहेत?"

"तिथं मला मीठ घालू देतात."

मी हसले, काकी. खरंच हसले. मग तिचं तोंड बघितलं.

"ताई, तुमाला म्हाइत नाय," ती म्हणाली. "काकीचा हात कापायचा. मुठीतलं निम्मं मीठ कट्ट्यावर सांडायचं, निम्मं टोपात. काकी देवाकडं वळली का राहिलेलं मी घालायची. मग कट्टा पुसायची. वर्सभर मीच घालते हाय."

"काकीला माहीत होतं?"

"मला काय म्हाइत. पन आधी देवाला हात जोडला न जोडला करून वळायची. मंग तिथंच उभी राहायला लागली. मी कट्टा पुसून होईस्तोवर. नि कपाटाला कुलूप लावायची बंद झाली." थोडा वेळ ती घडीवरून हात फिरवत राहिली. "येक दिवस म्हनेल, जने, आजपासून तू घाल. वाट बघली मी. म्हनाली नाय. आता तुमी काटा आनलाय."

ती भांडी घासायला निघून गेली आणि मी तिथेच बसून रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. कशासाठी रडले ते नीट सांगता येणार नाही. तुझ्यासाठी, हे तर आहेच. पण मी तुला वर्षानुवर्षं विश्वास ठेवायला सांगत होते, आणि तू तो ठेवलास तेव्हा मी जाऊन त्याला कुलूप लावून आले, यासाठीही असेल. मोठी शहाणी समजत होते स्वतःला.

काकी, तू देवापुढे इतका वेळ उभी राहायचीस ती देवासाठी की जनीसाठी? आता तू काही सांगणार नाहीस. मी आपलं धरून चालते की जनीसाठी. आणि तेवढ्यासाठी तुझ्यावर इतकी माया दाटून येते की आपलं सगळं भांडण मी तुला देऊन टाकावं. पण देत नाही. एक गोष्ट तुझी चुकलीच. तू पाठ फिरवलीस, हात सोडलास, पण तोंडाने म्हणाली नाहीस. जनीने वर्षभर तुझी लाज राखली, तीही चोरून, स्वतःचंच काम चोरीसारखं करत. तिला ते एक वाक्य हवं होतं. तुला ते का जड गेलं, हे मला कळतं. किल्ली अकरा दिवस माझ्याकडे होती, तेवढ्यात मलाही जड झालं.

तेराव्याच्या दिवशी सकाळी मी भिंतीवरचा कागद काढला. काटा कोठीत ठेवून दिला. अकरा वाजता सगळ्यांना बोलावलं, रामदुलारला, कांदा चिरणाऱ्या बायांना, ताटं धुणाऱ्यांना. भाषण करायचं होतं, ते राहिलं. एवढंच म्हणाले, "आजपासून कँटीनचं मीठ जनी घालेल. कमी-जास्त झालं तर तीच बघेल. मला कुणी विचारायचं नाही." आणि किल्ली तिच्यापुढे धरली.

जनीने किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रामदुलार हळूच म्हणाला, "ले लो दीदी." तिने किल्ली घेतली, कपाट उघडलं, डबा काढून कट्ट्यावर ठेवला, आणि किल्ली देवाच्या फळीखालच्या खिळ्याला टांगून टाकली. "कुलूप कशाला आता," म्हणाली.

मी तिथून बाहेर पडले. बाहेर पडायला मला किती जोर लावावा लागला ते तुलाच कळेल. हात शिवशिवत होते. फाटकापाशी तुझ्या त्या बाकावर जाऊन बसले. मी साहेबांच्या केबिनमध्ये होते तेव्हा तू तासभर इथे कशी बसली असशील, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. 

नैवेद्य झाल्यावर मी माणसांच्या रांगेत ताट घेऊन बसले. बिरडं जरा चढं होतं. तुझं मीठ किंचित मागे असायचं, हिचं एक बोट पुढे. पण माणसं दुसऱ्यांदा मागून घेत होती. जनी वाढता वाढता माझ्यापाशी येऊन थांबली.

"ताई, मीठ बराबर हाय ना?"

तोंडावर आलं होतं, थोडं कमी चाललं असतं म्हणून. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? घालणारी तू."

ती पुढच्या ताटाकडे वळली, पण वळताना पदराने डोळे पुसले आणि मग लगेच कुणावर तरी ओरडली, डाळ गार झाली म्हणून. अगदी तुझ्यासारखी ओरडली. त्या दुपारी एप्रनची घडी माझ्या टेबलावर आली नाही, आणि मीही काही विचारलं नाही.

काकी, फळीवर तुझा फोटो ठेवलाय. तुझ्यापुढे ताट मांडायला मी कोपऱ्यातली छोटी पातेली शोधत होते, तुझं अळणी वेगळं काढायच्या सवयीने. जनीने माझ्या हातातून ताट घेतलं आणि मोठ्या टोपातलंच बिरडं वाढलं, सगळ्यांनी खाल्लं तेच. आता तुला डॉक्टरांचं ऐकायचं कारण नाही. जनीने घातलंय. चाखून बघ.